कमकमची अट

वाळवंटातल्या एका कातळावर, दाराच्या वर, कमकम नावाच्या एका बाईनं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक अट कोरून घेतली. ही कमकम वाइलाची मुलगी. नबाती लोकांचा राजा चौथा अरेटास याच्या कारकिर्दीचं नववं वर्ष चालू होतं, म्हणजे इसवी सन सुरू होण्याचा तो सुमार. हे थडगं तिनं स्वतःसाठी, आपली मुलगी कुलैबा हिच्यासाठी आणि दोघींच्या वंशजांसाठी करवून घेतलं, असं लेखाच्या सुरुवातीला सांगितलंय. मग अट येते. हे थडगं जो विकेल, विकत घेईल, गहाण ठेवेल किंवा कुणाला देऊन टाकेल. इथला देह किंवा देहाचा एखादा अवयव जो बाहेर काढेल. कमकम, तिची मुलगी आणि त्यांचे वंशज सोडून दुसऱ्या कुणाला जो इथे पुरेल, त्याला दुशारा, अल्लात आणि मनातू यांचा शाप लागो. शापावर भागवलेलं नाही, दंडही सांगितलाय. देवांच्या नावानं वेगळा आणि पुजाऱ्याला हजार सेला, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी. सगळ्यात शेवटी पाथरवटाचं नाव येतं: वहबल्लाही, अब्दओबदतचा मुलगा.

ही जागा म्हणजे सौदी अरेबियाच्या वायव्येकडचं हेग्रा. अरबीत अल-हिज्र, लोकांच्या तोंडी मदाईन सालेह. अल-उलाच्या खजुरीच्या बागांपासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. २०१९ च्या सप्टेंबरात सौदीनं पर्यटकांसाठी व्हिसा खुला केला, पुढच्या वर्षी हेग्राही नव्यानं खुलं झालं, आणि आता मुंबई-पुण्याच्या सहलींच्या जाहिरातींतही ते दिसायला लागलंय. जावं का, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. जावं. अवघड प्रश्न वेगळा आहे. ज्या लोकांनी आपल्या मरणानंतरच्या जागेबद्दल इतक्या स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलंय, त्यांच्या दारात आपण कुठल्या नात्यानं उभं राहायचं? आणि ती जागा आज ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी तिथे काय करावं, काय करू नये? माझं म्हणणं असं की कमकमची अट अजून संपलेली नाही. तिचे देव गेले, पुजारी गेले, सेला हे नाणंही गेलं. तरी ती अट आज हेग्रा चालवणाऱ्यांवर आणि हेग्रा पाहायला जाणाऱ्यांवर बंधनकारक आहे, असं मानूनच तिथलं सगळं ठरायला हवं.

आधी ती जागा नीट समजून घेऊ. नबाती हे मूळचे अरबी भटके. येमेनकडून लोबान आणि हिराबोळ घेऊन उत्तरेला जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर त्यांनी राज्य उभं केलं. पेट्रा ही राजधानी, आणि दक्षिणेकडचं सगळ्यात मोठं ठाणं हेग्रा. इथे वालुकाश्माचे सुटे सुटे डोंगर सपाट मैदानात उभे आहेत. त्यांत कोरलेली १११ मोठी थडगी आहेत, त्यांपैकी ९४ नक्षीदार. बहुतेक सगळी इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं हे सौदीचं पहिलं स्थळ. पेट्राचे दर्शनी भाग जास्त भव्य आहेत, पण तिथे असे लेख फारच थोडे. हेग्रात मात्र तीसहून अधिक थडग्यांवर मालकाचं नाव, साल आणि अटी कोरलेल्या आहेत. मालकांमध्ये सैन्यातले अधिकारी पुष्कळ, कहलान नावाचा एक वैद्य आहे, आणि स्वतःच्या नावानं थडगं करवून घेणाऱ्या बायका आहेत. कमकमच्या लेखात नवऱ्याचं नाव नाही. तिला ते लिहायची गरज वाटली नाही.

सगळ्यात जास्त फोटो निघतात ते कस्र अल-फरीदचे. एकट्या उभ्या असलेल्या गोलसर कातळात कोरलेलं, सुमारे बावीस मीटर उंच, लिह्यान बिन कुझा याच्या नावाचं. ते अर्धवट राहिलंय, आणि म्हणूनच त्यातून कामाची रीत कळते. वरची पायऱ्यांची नक्षी, त्याखालचे पट्टे, खांबांची शिरं घोटून झालेली. खाली यावं तसतसं काम ओबडधोबड होत जातं आणि तळाशी तर छिन्नीचे तिरके घाव तसेच दिसतात. म्हणजे माथ्यापासून सुरुवात करून उतरत उतरत खाली यायचं. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. इतर थडग्यांच्या दारांवर गरुड आहेत, स्फिंक्स आहेत, कलश आहेत, सापांनी वेढलेले चेहरे आहेत. बऱ्याच गरुडांची डोकी उडालेली. आणि आत काय? जवळजवळ काहीच नाही. एक बुटकी चौकोनी खोली, भिंतीत माणसाच्या लांबीचे कोनाडे, छतावर छिन्नीच्या रेघा. सगळा थाट बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. आत फक्त मेलेल्यांना पुरेल एवढी जागा.

या मैदानाच्या मध्यावर त्यांचं राहतं गाव होतं. उत्खननात ते सापडलंय, आणि ते मुख्यतः कच्च्या विटांचं होतं. डोंगर कोरायचं कौशल्य, पैसा, पाथरवट असं सगळं हाताशी असलेल्या लोकांनी स्वतः राहायला मातीची घरं बांधली आणि दगड राखून ठेवला तो मेलेल्यांसाठी. पाण्यासाठी शंभराहून जास्त विहिरी खणल्या, त्यातल्या कित्येक थेट खडकात. हिशोब पक्का असलेले लोक होते हे. थडग्यांवरचे लेखही त्याच हिशोबी वृत्तीनं लिहिलेत. कमकमच्या लेखात शाप आणि दंड सांगून झाल्यावर एक अपवाद आहे: कमकमच्या किंवा कुलैबाच्या हातचा दस्तऐवज जर कुणाजवळ असेल, तर तो ग्राह्य धरला जाईल. दुसऱ्या एका लेखात त्याची प्रत देवळात ठेवल्याचा उल्लेख आहे. यात गूढ काही नाही. हे खरेदीखतासारखं, मृत्युपत्रासारखं लिखाण आहे, फक्त कागदाऐवजी कातळावर. म्हणूनच त्याला 'प्राचीन शाप' असं चटपटीत नाव देऊन टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

मराठी माणसाला ही भाषा परकी वाटायचं कारण नाही. कोकणात, ठाण्या-रायगडच्या शेतांत, गोव्यात गधेगाळ नावाचे कोरीव दगड उभे आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली ते शापाचं चित्र. शिलाहारांनी किंवा यादवांनी दिलेली जमीन कुणी लाटली तर त्याच्या कुळाला काय भोगावं लागेल, ते अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळावं म्हणून कोरलेलं. राजसत्ता उद्या नसेल, अंमलबजावणी करणारा कुणी नसेल, तरी अट टिकावी, यासाठी माणसानं दगड निवडला आणि चंद्रसूर्याला साक्षी ठेवलं. आपल्याकडे त्या दगडांचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. पायरीला लागले, बांधावर आडवे पडले, शेंदूर फासून कुठल्यातरी देवाच्या नावानं उभे राहिले. दगडावर लिहिलेली अट मोडणं फार सोपं असतं, कारण लिहिणारा उठून येत नाही.

हेग्रातही ती मोडली गेलीच. थडगी जुन्या काळातच लुटली गेली. चार्ल्स डाउटी हा इंग्रज १८७६ मध्ये दमास्कसहून निघालेल्या हजच्या तांड्याबरोबर इथे पोचला, तिथल्या गढीत राहिला आणि लेखांचे ठसे घेतले. थडग्यांच्या जमिनीवर हाडं आणि कफनाच्या चिंध्या पायाखाली येत होत्या, हे त्यानं नोंदवून ठेवलंय. तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी पहिल्यांदा या मृतांची शांतता भंग केली, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. चोरांनी विस्कटलेलं पुरातत्त्वज्ञांनी उचलून, नोंदवून, समजून घेतलं. २००२ पासून फ्रेंच आणि सौदी अभ्यासक मिळून इथे काम करताहेत. एका थडग्याचं काम तर फारच मोलाचं ठरलं. त्यावरच्या लेखात मालकिणीचं नाव आहे हिनत, वहबूची मुलगी, आणि साल इसवी सन ६० किंवा ६१. तिनंही लिहिलंय की हे थडगं तिच्यासाठी, तिच्या मुलांसाठी आणि त्यांच्या वंशजांसाठी आहे. कुणाला ते विकायचा, गहाण टाकायचा अधिकार नाही. आत सापडलेल्या हाडांवरून, कापडाच्या आणि कातड्याच्या थरांवरून, देहाला लावलेल्या राळेवरून नबाती लोक आपल्या मृतांना कसं निरोप देत होते, हे जगाला पहिल्यांदाच इतक्या तपशिलात कळलं. या ज्ञानाला माझा विरोध नाही. अभ्यासकांनी हे लेख उतरवून वाचले नसते तर हिनत आणि कमकम ही नावंही आपल्यापर्यंत पोचली नसती.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. २०२३ मध्ये त्या थडग्यातल्या एका स्त्रीच्या कवटीवरून चेहरा घडवण्यात आला आणि तो हेग्राच्या स्वागत केंद्रात हिनत म्हणून मांडला गेला. चेहरा देखणा आहे, काम कसबी आहे. पण ती कवटी हिनतचीच आहे, असं सांगता येत नाही. थडग्यात अनेक जण पुरलेले होते, पिढ्यान्‌पिढ्या. ती तिची मुलगी असेल, सून असेल, पणती असेल. जिनं आपलं नाव दगडात कोरलं तिला दुसरीचा चेहरा मिळाला, आणि जिची कवटी होती तिचं नाव कायमचं पुसलं गेलं. दोघींवरही अन्याय. शिवाय हिनतनं काय मागितलं होतं ते त्या थडग्याच्या दारावरच आहे. तिला पाहुण्यांचं स्वागत करायचं नव्हतं. तिला तिच्या माणसांबरोबर राहायचं होतं.

मी हे मान्य करते की असा चेहरा पाहून शाळेतलं पोर जितकं थबकतं तितकं शिलालेख पाहून थबकत नाही. भूतकाळ माणसांचा होता, हे समजायला चेहऱ्याची मदत होते. पण मग त्या बाईला नाव देऊ नका. 'या थडग्यातली एक स्त्री' एवढं पुरेसं आहे, आणि खरंही आहे. अभ्यास संपला की हाडं त्या कोनाड्यांत परत ठेवा. मोजमापं घेऊन झाली, नमुने जपून झाले, नोंदी झाल्या. त्यानंतर ती कपाटातल्या खोक्यात राहण्याचं कारण काय? ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत मूलनिवासी समाजांनी आपल्या पूर्वजांचे अवशेष संग्रहालयांकडून परत मागून घेतले, १९९० मध्ये अमेरिकेनं त्यासाठी कायदा केला. नबाती लोकांच्या बाजूनं मागणारं कुणी नाही. त्यांचं राज्य इसवी सन १०६ मध्ये रोमनं गिळलं आणि पुढे ते इतर अरबांत मिसळून गेले. पण मागणारं कुणी नाही म्हणून हक्क संपतो, हे मला पटत नाही. बेवारस माणूस मेला की त्याची मालमत्ता शासनाकडे जाते, आणि तिच्याबरोबर तिच्यावरचा बोजाही जातो. मृत्युपत्र लिहून ठेवलेलं असेल तर ते पाळायचं ओझं ताबेदारावर येतं. हेग्राचा ताबेदार आज २०१७ मध्ये स्थापन झालेला अल-उलाचा शाही आयोग आहे. कमकमनं 'वंशज' म्हटलं. आज त्या शब्दाची जबाबदारी त्या आयोगावर येते.

इथे एक बाजू बहुतेक प्रवासलेखांत दोन ओळींत उरकली जाते, आणि मला तीच फार महत्त्वाची वाटते. कुराणात समूद लोकांची कथा आहे. डोंगर कोरून घरं करणारे, प्रेषित सालेह यांना न मानणारे, देवाच्या उंटिणीला मारणारे, आणि म्हणून नष्ट झालेले. परंपरेनं ही जागा त्यांचीच मानली गेली. तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषित मुहम्मद यांनी सोबत्यांना सांगितलं की इथे शिरायचं तर रडत शिरा, नाहीतर शिरू नका. इथल्या विहिरींचं पाणी पिऊ नका, त्या पाण्यात मळलेलं पीठ उंटांना घाला. म्हणून शतकानुशतकं श्रद्धाळू मुसलमान इथून घाईनं पुढे गेले. आजही उमऱ्याला गेलेली, मदिनेपर्यंत पोचलेली आपल्याकडची कित्येक कोकणी आणि मराठवाड्यातली कुटुंबं इथे यायचं टाळतात, मदिनेपासून रस्त्यानं काही तासांवरच असूनही. यावर 'ही तर समूदांची घरं नाहीत, नंतरच्या नबात्यांची थडगी आहेत' असं म्हणून त्यांना अडाणी ठरवणारे लोक मी ऐकलेत. काळाच्या हिशोबात ते बरोबर आहेत. वागण्याच्या हिशोबात मात्र ती न जाणारी माणसं बरोबर आहेत. ती जागा कसल्या तरी प्रचंड नाशाची आहे, तिथे हसतखेळत शिरायचं नसतं, पाण्यालाही विचार करून हात लावायचा, हे त्यांनी ओळखलं. गरुडांच्या पंखांची नक्षी आज शाबूत दिसते त्यात कोरड्या हवेचा वाटा आहेच, पण लोक तिथे रेंगाळायला कचरले, याचाही असावा.

इजिप्तच्या सीवा ओॲसिसमध्ये उलट घडलं. १९४० मध्ये इटलीच्या बॉम्बफेकीपासून वाचायला तिथले लोक जबल अल-मौता, म्हणजे मृतांचा डोंगर, इथल्या कोरीव थडग्यांत जाऊन राहिले आणि त्यातच सी-आमुनचं रंगवलेलं थडगं उजेडात आलं. त्या भिंतींवरचे रंगीत तुकडे कापून काढून सैनिकांना विकले गेले. भुकेल्या, घाबरलेल्या माणसांना दोष द्यायची माझी इच्छा नाही. पण राखणारं कुणी नसलं की काय होतं ते तिथे दिसतं. म्हणून हेग्रात ठरावीक वाटांवरून, वाटाड्यासोबत, गाडीनंच फिरावं लागतं, याबद्दल कुरकुर करणाऱ्या प्रवाशांशी मी सहमत नाही. राखण हवीच. तिथल्या तरुण मुलामुलींना, त्यातही मुलींना, 'रावी' म्हणजे कथन करणारे म्हणून काम मिळालंय. ज्या देशात बायकांना गाडी चालवायची परवानगी २०१८ मध्ये मिळाली, तिथे एक मुलगी उभी राहून दोन हजार वर्षांपूर्वीच्या मालकिणींबद्दल सांगते, हे मला खरोखर मोलाचं वाटतं.

पण राखण करणं आणि सजवणं यात फरक आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये इटालियन गायक आंद्रेआ बोचेल्ली यांची मैफल हेग्रात, थडग्यांच्या मध्ये झाली. डोंगरावर झोत टाकले होते, समोर खुर्च्या, पाहुणे. गायन उत्तम असेल. तरी कुठल्या जिवंत समाजाच्या कबरस्तानात, स्मशानात, चर्चच्या दफनभूमीत असा कार्यक्रम करायला आपण धजावलो असतो? वारसांनी दुसऱ्या दिवशी दार ठोठावलं असतं. इथे ठोठावणारं कुणी नाही, एवढंच कारण. आणि २०२० मध्ये शरान या जवळच्या राखीव प्रदेशात डोंगराच्या आत कोरलेल्या आलिशान हॉटेलचा आराखडा जाहीर झाला. वास्तुकार झाँ नुव्हेल, प्रेरणा नबात्यांची. नबाती जिवंतपणी मातीच्या घरात राहिले, हे त्या प्रेरणेत कुठे बसतं? त्यांच्याकडून शिकायचंच असेल तर विहिरी कशा खणल्या, पावसाचं पाणी कसं वळवलं, हे शिकण्यासारखं आहे. अल-उलाच्या खजुरीच्या बागा ज्या भूजलावर जगतात त्यावरच पाहुण्यांची सोयही अवलंबून आहे.

अल-उलाला पैसा हवा, रोजगार हवा, तेलानंतरचा मार्ग हवा, हे सगळं खरं. मैफलींसाठी तिथेच आरशांनी मढवलेलं माराया नावाचं भलंमोठं सभागृह आहे. वाळवंट तर अफाट आहे. गाणं, गरम हवेच्या फुग्यांतून फेरफटके, जेवणावळी यांना जागा कमी नाही. मग नेमकी थडग्यांचीच पार्श्वभूमी का? कारण मृत्यूच्या जवळ गेलं की साध्या कार्यक्रमालाही वजन येतं. ते वजन कमकमचं आहे, हिनतचं आहे, कहलान वैद्याचं आहे. ते उसनं घेताना त्यांच्या अटी वाचायच्या नाहीत, हे चालणार नाही.

जाणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय. वाटाड्याला लेखांचा अर्थ विचारा, आणि सारांशावर समाधान मानू नका. दंड किती, कुणाला, अपवाद कोणता, ते सगळं विचारा. कोनाड्यात झोपून फोटो काढू नका, आत जायची मुभा असली तरी. आणि सहल विकणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिकेत 'भव्य कातळमहाल' असं न लिहिता सरळ 'दफनभूमी' लिहावं. कस्र म्हणजे महाल हे नाव नंतरच्या लोकांनी दिलंय; लिह्यान बिन कुझानं तिथे महाल कोरायला घेतला नव्हता. शाही आयोगाकडून अपेक्षा मोठी आहे: लेख असलेल्या प्रत्येक थडग्यासमोर त्याचा पूर्ण अनुवाद लावावा, देह न हलवण्याच्या कलमासकट. तो मजकूर वाचल्यावर पहिल्या दहा माणसांत एक तरी विचारेल की मग आतली हाडं कुठे आहेत, आणि आयोगाला त्याचं उत्तर देता यायला हवं.